माग काढणारा

त्याला जमिनीतलं काहीही कळत नाही. वाळू कुठून आली, चुनखडी कशी साचली, विचारूच नका. त्याला ओळखता येते ती फक्त लाट. नाव ऑटोट्रॅकर, मुक्काम संगणकात.

समुद्रात एअरगनचा बार उडतो, आवाज तळाखालच्या थरांवर आपटून परततो आणि हायड्रोफोन तो टिपतात. त्यातून जागोजागची एकेक उभी थरथरती रेघ तयार होते, ती ट्रेस. त्यातल्या एखाद्या थराच्या शिखरावर मी सीड, म्हणजे सुरुवातीची खूण, टाकला की गडी त्या थराचा माग काढत निघाला. शेजारच्या ट्रेसवर जरा वर, जरा खाली चाचपतो, तसंच शिखर सापडलं की खूण करून पुढे.

उत्तर समुद्रात नेदरलँड्सच्या हद्दीत एफ-३ नावाचा ब्लॉक आहे. १९८७ सालचं सर्वेक्षण, आता सगळ्यांना खुलं. मीही त्यावरच हात बसवला. दर २५ मीटरवर एक, अशा सहा लाखांच्या आसपास ट्रेस. थर ठळक असला तर चहा निवायच्या आत हा सगळीकडे फिरून येतो. १९७४ साली ‘सागर सम्राट’ला मुंबई हायमध्ये तेल लागलं, त्या काळात हेच काम लांबलचक कागदांवर रंगीत पेन्सिलींनी चाले. पेन्सिल निदान मध्येच थबकायची.

एफ-३मध्ये एका जुन्या त्रिभुज प्रदेशाचे तिरपे थर आहेत. उतरत उतरत ते पातळ होतात आणि खालच्या थरावर टेकून संपतात. थर संपू शकतो हे मात्र याच्या गावीही नाही. तो खालच्या थरावर उतरतो आणि चालतच राहतो. एका वरातीतून निघून दुसरीत नाचणाऱ्या पाहुण्यासारखा, तितक्याच उत्साहाने.

फॉल्टवर तर विचारायलाच नको. सुरुवातीला मी याच्या भरवशावर एक देखणा नकाशा केला होता. छान सलग उतार. माझं काम तपासणाऱ्या मॅडमनी तो पाहिला आणि म्हणाल्या, “इथे पायरी होती ना रे? कुठे गेली?” थर तुटून खाली सरकला होता आणि हा पलीकडच्या भलत्याच शिखराचा हात धरून निघून गेला होता.

तेव्हापासून मी साम्याची अट कडक ठेवतो. मग तो रुसल्यासारखा काम करतो, नकाशाला भोकंच भोकं. पण ती पाहावीत: कुठे विखुरलेली, तिथे आवाज गढूळ; आणि कुठे मैलभर एका तिरक्या ओळीत. फॉल्ट आहे असं तो म्हणत नाही, त्याला तो शब्दच ठाऊक नाही. फक्त पलीकडे जायला नकार देतो. माझ्या लेखी त्याचं सर्वांत चांगलं काम तेच.

भोकं बुजवायचं बटण बाजूलाच आहे. दाबलं की सगळं गुळगुळीत. मी आधी त्या ओळीला काटकोनात एक छेद काढतो.