तळ्यांच्या गावातले अकरा मासे

पनवेल म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एस. टी. स्टँड उभा राहतो. एक रस्ता पुण्याच्या घाटाकडे जातो, दुसरा गोव्याकडे. मधल्या वेळात मुंबईकराने चहा घ्यावा आणि आपली गाडी पकडावी, एवढाच त्याचा या गावाशी संबंध! वास्तविक येथे नगरपालिका आली ती १८५२ साली. महानगरपालिकेचा थाट मात्र २०१६ चा. पण स्टँडची गर्दी मागे टाकून गावात शिरावे, तर खरे पनवेल भेटते ते तळ्यांच्या काठी. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे! नावेसुद्धा कुणी यमक जुळवून ठेवावीत तशी.

या तळ्यांच्या गावात आमच्या मामांनी घरात आणखी एक तळे केले होते. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी काचेची पेटी. शंभरएक लिटर पाणी म्हणजे शंभर किलोंचे ओझे. त्यामुळे तिच्याखाली सुताराकडून मजबूत घडवंची करून घेतली होती. तीत अकरा झेब्रा मासे. बोटाच्या दोन पेरांएवढा जीव, अंगावर निळ्या-रुपेरी पट्ट्या. हा मासा मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेकडचा, संथ ओढ्यांतला आणि भातखाचरांतला. हॅमिल्टन साहेबाने १८२२ साली त्याचे वर्णन केले, आणि आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही. पनवेलच्या हवेत त्याला पाणी तापवण्याचे यंत्र लागत नाही.

दुकानदाराने मामांना प्रथम दिली ती ‘जोडी’. माणसांच्या हिशेबाने जोडी म्हणजे संसार; पण कळपाने राहणाऱ्या माशाला जोडी म्हणजे शिक्षाच. एक दिवसभर दुसऱ्याच्या मागे लागे, दुसरा फिल्टरमागे दडून बसे. खाणे टाकले तरी बाहेर येईना. मामांनी आणखी दहा आणले आणि दोन दिवसांत भांडण विरून गेले. दहा-बाराजणांत दमदाटी वाटली जाते, एकाच्याच वाट्याला येत नाही. शिवाय भोवती आपलीच माणसे असली की भीतीही ओसरते. सगळा थवा एकदम वळे, तेव्हा काचेत वीज चमकल्यासारखे वाटे. बाराचे अकरा झाले ते एका रात्री झाकण उघडे राहिल्यामुळे. हा मासा उडी मारण्यात पटाईत.

मामांची शिस्त मोठी कडक. नळाचे पाणी बादलीत एक दिवस ठेवून, क्लोरिन उडून गेल्यावरच पेटीत घालायचे. खाणे चिमूटभर. फिल्टरमधला स्पंज धुवायचा तो पेटीतल्याच पाण्याने, कारण माशांच्या मळातले विष पचवणारे जंतू त्यातच वस्ती करतात आणि ती वस्ती जमायला महिना-दीड महिना जातो. घाईने मासे भरणारे गृहस्थ नेमके येथेच फसतात.

पुढे चिरंजीवांनी मामांना पुण्याला न्यायचे ठरवले. पेटी नेणे शक्य नव्हते. शेजारचे गृहस्थ म्हणाले, “अहो, वडाळे तलाव हाकेच्या अंतरावर आहे. द्या सोडून, पुण्य लागेल!”

मामा एरवी शांत मनुष्य. त्या दिवशी मात्र तडकले. “पुण्य कसले? मूळचा आफ्रिकेतला तिलापिया १९५२ साली असाच पाहुणा म्हणून आणला, आता तळीच्या तळी त्याची झाली आहेत. डासांसाठी गप्पी आणले, ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले. घरातला मासा रोग घेऊन जातो, आणि तगला तर तळ्यातल्या लहान माशांचा घास खातो. तळे म्हणजे काय अडगळीची खोली आहे?”

शेजारी गप्प बसले. मामा छत्री घेऊन दुकानाकडे निघाले. मीही बरोबर होतो. गल्ल्यावरचा पोरगा म्हणाला, “घेतो ना काका. पाच इथे ठेवतो, सहा एक गिऱ्हाईक नेईल.”

“सगळे एकत्र नेणारा कुणी आहे का?” मामांनी विचारले. पोरग्याने डोके खाजवले आणि वहीत बघून एका शाळेला फोन लावला. तिकडून होकार येईपर्यंत मामा दुकानातच स्टुलावर बसून राहिले.