फादर, हे कुठे आहे?

२०२२ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारचे प्रवचन कुटुंबजीवनावर होते. आदल्या रात्री एका स्नेह्याने पोप फ्रान्सिस यांच्या नावाचा एक उतारा मोबाइलवर धाडला होता. क्षमेवाचून घर टिकत नाही, अशा अर्थाचा. आम्हांस तो फार भावला आणि वेदीवरून आम्ही तो सावकाश, आवाजात थोडा ओलावा आणून वाचून दाखविला. दोन-चार माउलींनी डोळ्यांना पदर लावला. खोटे कशाला बोला, आम्हीही मनातून सुखावलो.

मिस्सा संपली. आम्ही वस्त्रे उतरवीत असता दृढीकरणाच्या वर्गातली, नववीत शिकणारी एक मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. "फादर, पोप हे कुठे म्हणाले?"

"बघून सांगतो," आम्ही म्हणालो. हे उत्तर धर्मगुरूला फार उपयोगी पडते, कारण विचारणारा बहुधा विसरतो. ही विसरली नाही.

व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर पोप महोदयांची भाषणे तारीखवार लावून ठेवलेली आहेत. दोन रात्री आम्ही ती धुंडाळली. उतारा कुठेच सापडला नाही. पुढच्या रविवारी त्याच वेदीवरून तसे सांगावे लागले. प्रवचन कसे करावे हे सेमिनरीत शिकलो होतो. केलेले प्रवचन मागे कसे घ्यावे हे कोणी शिकविले नव्हते.

बोच मात्र निराळीच होती. पवित्र शास्त्र वाचताना काय विचारावे, हे आमच्या प्राध्यापकांनी आमच्याकडून घोटून घेतले होते. हे वचन कोणाचे? कोणासाठी? केव्हाचे? त्याच्या आधी काय आहे, नंतर काय आहे? चौदाव्या स्तोत्रात देवाचे अस्तित्व नाकारणारे उद्गार आहेत. पण ते मूढाच्या मनातले म्हणून दिलेले आहेत. मागचे शब्द कापले की बायबलच नास्तिक होऊन बसते! इतके शिकूनही हातातल्या मोबाइलला आम्ही यांतला एकही प्रश्न विचारला नव्हता. तो एका नववीतल्या मुलीने विचारला.

तेव्हापासून धर्मशिक्षणाच्या वर्गात महिन्यातून एक तास आम्ही या कामी देतो. आरंभ कातरकामापासूनच केला. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा २०१८ साली देशभर उठल्या, तेव्हा एक चित्रफीत घरोघर पोहोचली होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढेच तिच्यात दिसे. मूळ फीत कराचीतली, पालकांनी सावध राहावे म्हणून मुद्दाम तयार केलेली. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. कोणीतरी नेमका तो शेवट कापला. उरले ते अपहरण.

याच अफवांच्या दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाड्याच्या आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने ठार मारले. मंगळवेढ्याकडची गरीब माणसे ती. पोटासाठी गावोगाव फिरणारी. वर्गात हे सांगून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "फादर, पहिल्यांदा कापली त्याला काही झालं का?" आम्हांस उत्तर देता आले नाही.

केरळात कन्नूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी त्याच वर्षी सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोटी बातमी ओळखण्याचे धडे सुरू केले होते. गोवर-रुबेलाच्या लसीबद्दल खोटेनाटे पसरले आणि पालक मुलांना लस देईनात, हे त्यामागचे एक कारण. आमचे साधन त्यामानाने तोकडे: एक फळा, एक जुना प्रोजेक्टर आणि मुले. चित्र मुळात कोठून आले हे शोधण्याची युक्ती तर मुलांनीच आम्हांस शिकविली. निरोपाच्या डोक्यावर दुहेरी बाण दिसला, तर तो बऱ्याच हातांतून फिरून आला आहे, हेही.

मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे पांढऱ्याशुभ्र फुगीर कोटातले छायाचित्र जगभर फिरले. ते यंत्राने रचलेले होते. वर्गात दाखवताच मुले हसली. आमच्या वयाच्या एका शिक्षकांनी मात्र "रोमला थंडी असते" असे गंभीरपणे सांगितले. याच पोप महोदयांनी २०१८ च्या संपर्क-माध्यम दिनाचा संदेश खोट्या बातम्यांवरच लिहिला होता. एदेन बागेतल्या सर्पाचे उदाहरण त्यात आहे. सर्प अर्धसत्यापासून सुरुवात करतो, हे तेथून उचलून आम्ही मुलांना अनेकदा सांगतो. आता कुठून घेतले तेही सांगतो.

पण हा तास सर्वांनाच रुचतो असे नाही. गेल्या वर्षी एका मुलाचे वडील तणतणत आमच्याकडे आले. त्यांच्या आईने, मोबाइलवर आलेल्या एका काढ्याच्या भरवशावर, मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. नातवाने जेवणाच्या पाटावर सर्वांदेखत विचारले, "आजी, हे कुठल्या डॉक्टरने सांगितलं? नाव कुठे आहे?" म्हातारी रुसून ताटावरून उठली.

"फादर, तुम्ही पोरांना मोठ्यांना उलट बोलायला शिकवता," वडील म्हणाले. "उद्या मिस्सात उभा राहून तुम्हालाच विचारेल."

विचारून झाले आहे, असे आम्ही त्यांना सांगितले. त्या मुलीची हकिगतही सांगितली. ते फारसे हसले नाहीत. रीत सोडून विचारणे आणि न विचारणे, यांच्या मधली वाट मुलाला कशी दाखवावी, यावर आम्ही दोघे बराच वेळ बोललो. आजीला एकटीला गाठून विचारायला हवे होते, हे आम्हांसही पटले. तसे मुलाला सांगितलेही.

परवा आजी भेटल्या. काढा अजून चालू आहे. गोळ्याही चालू आहेत. नातू रोज सकाळी मोजून देतो, असे त्या म्हणाल्या. कौतुकाने की तक्रारीने, ते कळले नाही.