परत आलेला पेपर

२५ जून २०२५ ची दुपार. शुभांशु शुक्ला अंतराळात निघाले ते आम्ही इथे पनवेलला टीव्हीसमोर बसून पाहिलं. फाल्कन-९ रॉकेट वर गेलं आणि थोड्याच मिनिटांत त्याचा खालचा टप्पा परत येऊन जमिनीवर अलगद उभा राहिला! नातू म्हणाला, हा टप्पा आधीही एकदा उडून आलाय. म्हणजे वापरलेला... मला काही ते रुचलं नाही.

"आजी, तू बसशील अशा रॉकेटमध्ये?"

"छे रे बाबा, मी आपली कोऱ्या करकरीत रॉकेटमध्येच बसेन."

"अगं, पण कोरं म्हणजे कधीच न उडालेलं!"

झालं! माझी बोलती बंद.

आपल्या गगनयानासाठी निवडलेलं एलव्हीएम-३ रॉकेट एकदाच वापरायचं आहे. त्याच्या मधल्या टप्प्यात दोन विकास इंजिनं असतात. गोदरेजने विक्रोळीत अशी इंजिनं बनवली आहेत. आपल्याला कुर्ल्याला गाडी बदलली की आलंच विक्रोळी. इतक्या निगुतीने केलेली वस्तू सुमारे दोनशे सेकंद जळते आणि समुद्रात जाते. कायमची.

मला आठवले बोर्डाचे पेपर. आमच्या वेळी ते गठ्ठ्यातून गेले की गेले, मुलाचं कुठे चुकलं ते त्याला कधीच कळायचं नाही. घटक चाचणीचा पेपर मात्र लाल शाईच्या खुणा घेऊन परत यायचा, आणि मूल शिकायचं ते त्यातूनच. परत येणाऱ्या टप्प्याने पैसे वाचतात हे खरंच, पण माणसं बसणार असतील तर तो तपासायला हाती मिळतो, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

एकदाच वापरायच्या इंजिनाची सगळी परीक्षा जमिनीवरच घ्यावी लागते. १४ जुलै २०२१ ला महेंद्रगिरीला गगनयानासाठीचं विकास इंजिन २४० सेकंद चालवून पाहिलं, ते याचसाठी.

पण मंडळी, पेपर नुसता परत येऊन भागत नाही. तो कुणीतरी वाचावा लागतो. अमेरिकेच्या स्पेस शटलचे बूस्टर समुद्रातून काढून पुन्हा वापरत. आधीच्या उड्डाणांहून आलेल्या बूस्टरमध्ये सांध्यांची रबरी कडी जळालेली दिसली होती. थंडीत धोका आहे असं इंजिनियर आदल्या रात्री सांगत होते. तरीही २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर सोडलं आणि सात जण गेले. त्यातली एक क्रिस्टा मॅकऑलिफ, वय ३७, शाळेतली शिक्षिका. मीही तेव्हा वर्गावर जात होते. ती बातमी ऐकून दुसऱ्या दिवशी फळ्याकडे वळताना हात जड झाला होता, अजून आठवतं.

लाल खुणा होत्या हो त्या पेपरवर. गुण देणाऱ्यांनी त्या पाहूनही पास केलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सरकारनेही नव्या रॉकेटला मंजुरी दिली आहे. त्याचा पहिला टप्पा परत आणायचा बेत आहे. आनंदच आहे.

रात्री नातवाला सांगितलं, "बसेन मी वापरलेल्या रॉकेटमध्ये. पण आधी विचारीन, परत आल्यावर ते तपासलं कुणी? आणि त्याने 'नको' म्हटलं असतं, तर तुम्ही थांबला असता का?"

तुम्ही काय विचाराल?