खंड्या

होसूर व सर्जापूर या रस्त्यांवरून नाव पडलेल्या एचएसआर लेआउटमध्ये आम्ही बिऱ्हाड थाटले, तेव्हा आम्हां उभयतांना कानडीचा गंधही नव्हता. बंगळूरात १९९१ पासून प्राण्यांसाठी झटणाऱ्या ‘क्यूपा’सारख्या संस्था आहेत, अशाच एका आश्रयगृहातून आम्ही खंड्याला आणले. ‘ये’ म्हटले तर तो ढिम्म हलत नसे. ‘बा’ म्हणताच धावत येई. त्याच्यापायी आम्ही चार कानडी शब्द शिकलो, आणि अगरा तळ्याच्या वाटेवर त्याच शब्दांनी शेजारी जोडले.

पुढे बढतीवर बदलीचा हुकूम आला. ‘कुत्रे परत ठेवून या,’ असा स्नेह्यांचा सल्ला पडला. खोटे कशाला बोला, एक रात्र आम्हीही तो विचार केला. सकाळी पाहतो तो खंड्या बांधलेल्या ट्रंकांपाशी उपाशी बसलेला. एकदा टाकले गेलेल्याला ती बांधाबांध ओळखीची असावी. कुत्र्याखातर स्वर्ग नाकारणारा धर्मराज आम्हांस आठवला. आम्ही तर नुसती बढती नाकारली.

खंड्या गेला, त्यास वर्ष झाले. त्या एका रात्रीची क्षमा मात्र त्याच्याकडे मागायची राहूनच गेली.