नायक उठून जात नाही

‘सिंधू ही गृहकृत्यदक्ष, सोशिक, मनमिळाऊ व सोज्ज्वळ स्वभावाची होती.’ अंतर्गत परीक्षेचा गठ्ठा तपासताना हे वाक्य एकामागून एक पेपरांत येत राहिलं, तेव्हा मला ‘एकच प्याला’ आठवायच्या आधी रविवारच्या पुरवणीतलं ‘वधू पाहिजे’चं पान आठवलं. उंची आणि पगाराची अपेक्षा तेवढी राहिली होती. सिंधूचं तर लग्न झालेलं आहे, पदरात मूल आहे, नवरा सनद गमावून बसलेला आहे आणि ती जात्यावर लोकांची दळणं दळते आहे. तिची जाहिरात करून आता कुणाचं भलं होणार?

पण विशेषणं थांबत नाहीत. देवलांची शारदा, म्हाताऱ्या भुजंगनाथाला विकली जायला निघालेली, तीही सोशिक. हरिभाऊंची यमू, जिचं जबरदस्तीने केशवपन होतं आणि जी स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगते, तीही मनमिळाऊ. श्यामची आई तर आहेच. पुरुष पात्रांना दुसरा संच असतो : बुद्धिमान, महत्त्वाकांक्षी, मानी, आणि मग एक ‘परंतु’. मुलांना हसावं, तर चौकातल्या फ्लेक्सवर कालच गेलेल्या एका गृहस्थांचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं : प्रेमळ, मनमिळाऊ, परोपकारी. आयुष्यभर त्या माणसाने शेजाऱ्याशी बांधावरून कोर्टकचेऱ्या केल्या. लग्नाला आणि मरणाला आपण मोठी माणसं जी विशेषणं वापरतो, तीच मुलं पंधरा गुणांच्या प्रश्नाला वापरतात. त्यांचं काय चुकलं?

स्वभावचित्राच्या उत्तराचा साचा ठरलेला असतो. प्रस्तावनेत लेखकाचा जन्म आणि त्याची ग्रंथसंपदा. मग पट्टीने अधोरेखित केलेली उपशीर्षकं. एका शीर्षकाला साधारण दोन गुण, हा हिशेब कुणी न शिकवता सगळ्यांना येतो. शेवटी ‘अशा प्रकारे’. आणि मधे कुठेतरी एक थोर समीक्षक येतो, ज्याला नाव नसतं. ‘एका थोर समीक्षकाने म्हटल्याप्रमाणे’ असं म्हणून अवतरणचिन्हांत एखादं भारदस्त वाक्य. हा समीक्षक मला मनापासून आवडतो. तो कुणाशी भांडत नाही, त्याला पुरस्कार नको असतो, आणि विद्यार्थ्याला जे म्हणायचं असतं ते तो बरोबर त्याच्याआधी म्हणून ठेवतो.

‘ही शोकांतिका कुणाची, सुधाकराची की सिंधूची?’ हा प्रश्न माझ्या विद्यार्थिदशेतही होता. तेव्हाही आम्ही ॲरिस्टॉटल वाचल्याचा आव आणून सुधाकराचा ‘स्वभावदोष’ शोधत असू. अहंकार, असं ठरलेलं उत्तर. मला तेव्हापासून वाटत आलंय की ज्याची सनद रद्द झाली आणि ज्याच्या हातात तळीरामाने पेला दिला, त्या वकिलाला ग्रीक नायकाच्या मापात बसवायचं, तर त्याची बरीच काटछाट करावी लागते. स्टाफरूममधले आमचे इंग्रजीचे सर या बाबतीत ब्रॅडलीला जबाबदार धरतात. १९०४ साली ब्रॅडलीचं शेक्सपिअरच्या शोकांतिकांवरचं पुस्तक आलं आणि पात्रांना शेजारच्या घरातली माणसं समजून त्यांच्या मनाचा ठाव घ्यायची रीत पक्की झाली. पुढे १९३३ मध्ये एल. सी. नाइट्सने ‘लेडी मॅकबेथला मुलं किती होती?’ अशा नावाचाच निबंध लिहून या रीतीची टर उडवली. सर नाइट्सच्या बाजूचे. त्यांनीच मला एका इंग्रजी विनोदी कवितेची गोष्ट सांगितली. तिच्यात शेक्सपिअरचं भूत सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसतं आणि ‘लिअर’वरच्या प्रश्नांत गटांगळ्या खातं, कारण त्याने ब्रॅडली वाचलेला नसतो.

गडकऱ्यांना आमच्या पेपराला बसवलं, तर? पदवी त्यांनी पुरी केलीच नव्हती. २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला ते गेले आणि २० फेब्रुवारीला बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. बोडसांचा सुधाकर आणि बालगंधर्वांची सिंधू त्यांनी पाहिलेलीच नाही. ‘नाटकातील पदांचे महत्त्व’ असा उपप्रश्न आला असता, तर त्यांनी सरळ लिहिलं असतं, की पदं माझी नाहीत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. गुण किती मिळाले असते कोण जाणे.

मी मात्र ब्रॅडलीच्या बाजूची आहे. लेडी मॅकबेथला मुलं किती, हा प्रश्न मला मुळीच मूर्खपणाचा वाटत नाही. पुस्तक मिटल्यावर पात्रं कुठे जातात, असा विचार जो करत नाही, त्याने कादंबऱ्या कशाला वाचाव्यात?

दुसरा गठ्ठा ‘बनगरवाडी’चा होता. प्रश्न नेहमीचा : ‘बनगरवाडी या कादंबरीचा नायक कोण? साधार चर्चा करा.’ याचं उत्तर गाइडात आहे, आम्हीही वर्गात तेच सांगतो. राजाराम मास्तर हा निवेदक, नायक म्हणजे सबंध गाव. १९५५ साली आलेल्या या कादंबरीबद्दल हे म्हणणं चुकीचंही नाही. माडगूळकरांनी कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, अंजी अशी माणसं जागच्या जागी उभी केली आणि मास्तरला त्यांच्यामधून हिंडतं ठेवलं. तेव्हा पेपरामागून पेपर ‘गाव हाच नायक’ म्हणत होते आणि मी पेपरामागून पेपर बरोबरच्या खुणा करत होते.

मग एका पेपरात हे आलं : ‘मास्तर नायक नाही. त्याला सगळी मेंढरं सारखीच दिसतात. गावही नायक नाही. पाऊस पडला नाही की गाव उठून जातं. नायक उठून जात नाही. म्हणून दुष्काळ हा नायक आहे. तो शेवटपर्यंत राहतो.’

उपशीर्षक नाही, पट्टी नाही, थोर समीक्षक नाही. अक्षर डावीकडे कललेलं, ‘मेंढरं’वरचे अनुस्वार इतके जोरात दिलेले की मागच्या पानावर टोचे उठलेले. मी लाल पेन खाली ठेवलं आणि पुढे वाचायला लागले. पुढे कादंबरी नव्हतीच. दीड पान त्याच्या घरचा वाडा होता.

वाडा म्हणजे चिरेबंदी नव्हे. मेंढपाळांची चार-पाच बिऱ्हाडं मिळून चालतात, तो वाडा. आमच्या माण-आटपाडी-जतच्या पट्ट्यात दिवाळी सरली की वाडे बाहेर पडतात. काही घाट उतरून कोकणात जातात, काही कृष्णाकाठच्या बागायतीत. घोड्यावर बिऱ्हाड, वर कोंबड्या आणि लहान पोरं. पावसाच्या तोंडावर माघारी. हे मला ऐकून माहीत होतं. शेतात मेंढरं बसवतात आणि त्या खताबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो, हेही. पण मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम काय, ते त्या पेपरात वाचलं. त्याच्या घरी पहिल्यांदा तळावर काटे-खुंट पाहतात, नाहीतर रात्री कोकरांचे पाय जातात. चूल त्यानंतर. आणि मेंढरं मोजत नाहीत, असं त्याने लिहिलं होतं. आई नुसती बघते आणि कोण नाही ते सांगते. शंभरातून एक कमी असेल, तर ती ‘एक कमी’ म्हणत नाही, ‘बांडी नाही आली’ म्हणते.

मग माडग्याळ जातीवर आठ ओळी. नाक पोपटासारखं बाकदार पाहिजे, अंगावर तपकिरी ठिपके पाहिजेत, आणि अशा एका नराची आटपाडीच्या बाजारात जी किंमत येते तिच्यात आमच्या कॉलेजची तीन वर्षांची फी भरून निघेल, असं त्याने हिशेब करून दाखवलं होतं. हिशेब मी ताळ्याला लावून पाहिला, बरोबर होता. शेवटच्या चार ओळींत त्याला बहुधा परीक्षेची आठवण झाली. ‘मास्तरच्या शाळेत पोरं येत नव्हती असे लेखक सांगतो. पोरं शाळेत आली तर मेंढरामागं कोण जाणार हे लेखकाला माहीत आहे, मास्तरला हळूहळू कळते. मी बारावीपर्यंत मामाकडे राहिलो म्हणून शिकलो. माझा धाकटा भाऊ वाड्याबरोबर असतो.’ ‘अशा प्रकारे’ नव्हतं. तिथे पेपरच संपला होता.

इंग्रजीच्या सरांना मी तो वाचून दाखवला. “विषयांतर आहे, मॅडम,” ते म्हणाले. “पहिल्या पाच ओळींना गुण द्या, बाकीवर रेघ मारा.”

“पहिल्या पाच ओळी कुठून आल्या मग?”

“ते परीक्षकाचं काम नाही.”

मी रेघ मारली नाही. कादंबरीतलं मास्तरचं अडाणीपण आणि माडगूळकरांचं जाणतेपण यांतलं अंतर त्या पोराने ज्या एका वाक्यात पकडलं होतं, ते समजावताना माझे वर्गातले दोन तास जातात, आणि तरी मुलं मास्तर म्हणजेच लेखक असं लिहून येतात. माडगूळकर स्वतः औंध संस्थानातल्या माडगुळ्याचे, त्यांना मेंढरू कळत होतं. मास्तर मुद्दाम न कळणारा घेतला. हे तंत्र म्हणून सांगितलं, की मुलं वहीत उतरवून घेतात आणि विसरतात.

आता गृहपाठात तर आणखीच वेगळं काही दिसतं. गाइडाचे दिवस सरत आले. मुलं फोनला विचारतात आणि फोन क्षणात चार पानं देतो. भाषा शुद्ध, ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक. त्यामुळे सिंधू आता सोशिक राहिलेली नाही, ती ‘बहुआयामी व्यक्तिरेखा’ झाली आहे. सुधाकर बहुआयामी आहे, नटसम्राटातले अप्पा बहुआयामी आहेत, कावेरीही आहे. एका मुलीच्या गृहपाठात तर बनगरवाडीची तालीम बहुआयामी निघाली. गाइडवाल्याने निदान सिंधूला बाई समजून सोशिक म्हटलं होतं. मला त्या जुन्या, पट्टीने अधोरेखित केलेल्या ‘गृहकृत्यदक्ष’ची आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं.

म्हणून आता मी तोंडीवर भर देते. तोंडीला मुलं घाबरून येतात आणि ‘मॅडम, लेखकाचा जन्म सांगू का?’ असं विचारतात. जन्म नको, म्हणून मी यंदा सगळ्यांना एकत्रच बसवलं आणि विचारलं, “तळीराम तुमच्या गल्लीत भाड्याने राहायला आला, तर?”

“आलाय की,” मागून आवाज. “आमच्याच वरच्या खोलीत. डिपॉझिट दिलं नाही अजून.”

त्यावर जो गलका झाला, तो आवरताना माझा घसा बसला. रामलालला खोली द्यावी का, यावर दोन तट पडले. भाडं तो एक तारखेला देईल, पण घरमालकाला रोज भाषण ऐकावं लागेल, तेव्हा नकोच, असं बहुमत. सुधाकराला सनद आहे तोवर द्यावी, अकरा महिन्यांचा करार करून. भगीरथाचं काय, याची कुणाला पर्वा नव्हती. आणि सिंधू? सिंधूला कोण नाही म्हणेल, असं पोरं म्हणत होती. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, “तिला एकटीला कुणी खोली देणार नाही. एकट्या बाईला देत नाहीत. मी आणि माझी आई दिवाळीपासून शोधतोय.”

“दळण घरातच करणार म्हटल्यावर तर नाहीच,” दुसरी म्हणाली. “लाइटबिल कोण भरणार?”

“जात्याला लाइट लागत नाही गं.”

“सबमीटर लावून घ्यायचा.”

“बाजारतळामागं एक खोली आहे,” तळीरामाचा घरमालक म्हणाला. “पाणी दिवसाआड येतं. पण आजी एकटीच राहते तिथं, ती देईल. नंबर देऊ का?”