दोन वर्षांचं कार्ड

अमेरिकेत नागरिकाशी लग्न करून आलेल्या नव्या माणसाला टपालानं जे ग्रीन कार्ड येतं, ते दिसायला दहा वर्षांच्या थोरल्या भावंडासारखंच असतं. तोच हिरवा रंग, तसाच फोटो, तसाच बोटाचा ठसा. घाईत पाहणाऱ्याला फरक कळत नाही. तो दोनच बारीक जागी असतो. 'कॅटेगरी' या रकान्यात सीआर१ छापलेलं असतं, आणि मुदत संपायची तारीख दोन वर्षांनंतरची असते. घरातली वडील माणसं कार्ड हातात घेऊन "चला, आलं एकदाचं" म्हणतात आणि देवापुढे ठेवतात. तारखेकडे लक्ष जातं ते बहुधा मागाहून.

हे कार्ड सगळ्यांच्या घरी येत नाही. ज्या दिवशी तुम्ही रहिवासी होता, त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पुरी झालेली नसतील तरच ते येतं. मोजतात तो दिवस व्हिसाच्या शिक्क्याचा नसतो, अमेरिकेत पाऊल ठेवल्याचा असतो. पुण्यात लग्न, मग महापालिकेतून विवाह नोंदणीचा दाखला, नवऱ्याचा तिकडून अर्ज, मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत, यात कधीकधी दीड-पावणेदोन वर्षं सहज निघून जातात. व्हिसा साधारण सहा महिने चालतो. म्हणून लग्नाचा दुसरा वाढदिवस आठ-पंधरा दिवसांवर आला असेल, तर जाणकार वकील तिकीट थोडं पुढे ढकलायला सांगतात. वाढदिवसानंतर उतरलेल्या मुलीला थेट दहा वर्षांचं कार्ड मिळतं, आदल्या आठवड्यात उतरलेलीला हे. इतक्या थोड्या अंतरावर दोन संसारांची सुरुवात वेगळी होते, हे मला आजही पटत नाही.

या कार्डाचा जन्म नोव्हेंबर १९८६ मधला. त्याआधी नागरिकाशी लग्न करून आलेल्याला सरळ पक्कं कार्ड मिळे. मग अमेरिकी संसदेपुढे सरकारी अधिकाऱ्यांनी सांगितलं की अशा लग्नांतली सुमारे ३० टक्के खोटी असतात, केवळ कागदासाठी केलेली. त्या आकड्याच्या धसक्यानं नवा कायदा झाला आणि प्रत्येक नव्या लग्नाला दोन वर्षांची परीक्षा लागली. पुढे कोर्टात उघड झालं की त्या पाहणीत नुसता संशय असलेली प्रकरणंही खोट्यांत धरली होती. आकडा पडला, कार्ड राहिलं. खोटी लग्नं होतात, ती करणाऱ्यांना पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे, आणि एकदा तो ठपका बसला की पुढचं लग्न कितीही खरं असलं तरी त्यावर आधारलेला अर्ज मंजूर होत नाही. हे सगळं असायलाच हवं. पण खोट्यांना पकडायला टाकलेल्या जाळ्यात सर्वांत जास्त काळ खऱ्या लग्नातल्या बायकाच अडकून बसलेल्या मी पाहिल्या.

स्वभावानं हे कार्ड पहिले एकवीस महिने शांत असतं. त्याच्या जोरावर नोकरी करता येते, ड्रायव्हिंग लायसन्स निघतं, भारतात जाऊन परत येता येतं. शेवटचे ९० दिवस उरले की ते बोलायला लागतं. या नव्वद दिवसांत आय-७५१ नावाचा अर्ज करायचा, दोघांच्या सह्यांनी. लवकर पाठवला तर परत येतो. पाठवलाच नाही तर रहिवास आपोआप संपतो आणि देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते. अर्जाची पोच मिळाली की मुदत वाढते. २०२३ पासून ती वाढ ४८ महिन्यांची आहे, कारण निकालाला तितका वेळ लागू शकतो. दोन वर्षांच्या कार्डाचं आयुष्य असं सहा वर्षांपर्यंत लांबतं, आणि एअरपोर्टवर त्या मुदत संपलेल्या कार्डासोबत एक घडी पडलेलं पत्र दाखवत फिरावं लागतं.

'दोघांच्या सह्यांनी' हे दोन शब्द या कार्डाचा खरा स्वभाव ठरवतात. संसार नीट चालला असेल तर नवरा-बायको एका रविवारी टेबलाशी बसून फॉर्म भरतात आणि विसरून जातात. नसेल, तर त्या सहीचं वजन रोज वाढत जातं. न्यू जर्सीत एका संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसून एक मुलगी म्हणाली, "मावशी, तो म्हणतो, कार्ड कॅन्सल करून टाकीन. एक फोन केला की झालं, म्हणतो." चहा निवून गेला होता. कार्ड तिच्या पर्समध्ये नव्हतंच, ते नवऱ्याच्या ड्रॉवरमध्ये, पासपोर्टसकट. हेच वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं आहे! मुलगी नाशिकची असो, नागपूरची असो, धमकी शब्दशः तीच. क्वचित एखाद्या मुलाच्या तोंडूनही ऐकलं आहे, कारण नागरिक मुलीशी लग्न करून आलेल्या मुलाचं कार्डही असंच असतं.

ती धमकी खोटी आहे. नवऱ्याला कार्ड रद्द करता येत नाही. तो सही नाकारू शकतो, केलेली सही मागे घेऊ शकतो, तक्रारीचं पत्र लिहू शकतो. पण रहिवास काढून घेण्याचा अधिकार सरकारचा आहे, आणि सरकारनं तो काढला तरी इमिग्रेशन न्यायाधीशापुढे उभं राहून दाद मागता येते. दोघांच्या सह्यांचा अर्ज नाकारून तो काढला असेल, तर तिथे बाजू सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर असते. शिवाय एकटीच्या सहीनं अर्ज करायची वाट कायद्यातच आहे. सुरुवातीला ती फार अरुंद होती. घटस्फोट तिनं स्वतः, सबळ कारण दाखवून घेतलेला असावा लागे. नवऱ्यानं आधी जाऊन घटस्फोट मिळवला की दार बंद. १९९० मध्ये ती अट गेली, आणि मारहाण किंवा अतोनात क्रौर्य सोसलेल्यांसाठी वेगळी वाट झाली. तीत घटस्फोट झालेला असण्याचीही गरज नाही. क्रौर्य म्हणजे अंगावर वळ उठलेच पाहिजेत असं नाही. पैसे न देणं, घरात कोंडणं, माणसांशी बोलू न देणं, या कार्डाचाच धाक घालणं, हे सारं त्यात मांडता येतं. आणि या एकटीच्या अर्जाला नव्वद दिवसांची चौकट लागू नाही.

या अर्जात कार्ड विचारतं ते एवढंच, की लग्न खऱ्या मनानं केलं होतं का. ते टिकलं का, हे विचारत नाही. मला वाटतं, लग्नाआधी घराघरांत मुलींना पत्रिका आणि पगार सांगितला जातो, त्याच बैठकीत ही एक गोष्ट सांगायला हवी.

अवघड जातो तो पुरावा. अधिकाऱ्याला हवं असतं दोघांच्या नावाचं बँक खातं, दोघांच्या नावाचं भाड्याचं करारपत्र, एकत्र भरलेला टॅक्स, विमा. आपल्याकडून गेलेल्या मुलीचं नाव यांतल्या कशावरच नसतं. लीज लग्नाआधीची, खातं नवऱ्याचं, गाडी नवऱ्याची, फोन सासरच्या प्लॅनवर. त्या संध्याकाळी आम्ही टेबलावर मांडलं ते असं होतं: दाताच्या डॉक्टरचं बिल, त्यावर नवऱ्याच्या विम्याखाली तिचं नाव. लायब्ररीचं कार्ड, त्याच घराच्या पत्त्याचं. अंतरपाट, सप्तपदी आणि तिच्या आजीनं दोघांची दृष्ट काढतानाचे फोटो. नव्या संसारात दोघांनी मिळून बघितलेल्या नायगाऱ्याची तिकिटं. तिनं सासूबाईंच्या वाढदिवसाला केलेल्या पुरणपोळ्यांचा व्हॉट्सॲपवरचा फोटो आणि खाली नवऱ्याचाच मेसेज, "आई खूश!" छळाच्या अर्जात विश्वासार्ह वाटेल असा कुठलाही पुरावा विचारात घ्यावा, असं कायदा सांगतो. म्हणून यातलं काहीही टाकून द्यायचं नाही. कागद मिळेनात तर ओळखीच्या माणसांनी शपथेवर लिहून दिलेलंही चालतं. न्यू जर्सीतच १९८५ पासून 'मानवी' ही संस्था दक्षिण आशियाई बायकांसाठी उभी आहे. एकटीनं या फायलीशी झुंजायचं कारण नाही.

या कार्डाची सर्वांत वाईट अवस्था मी महाराष्ट्रात पाहिली. "थोडे दिवस माहेरी राहून ये" म्हणून मुलीला आणून सोडायचं आणि कार्ड घेऊन आपण निघून जायचं. विमान कंपनी कार्डाशिवाय चढू देत नाही, आणि मुलीला वाटतं, संपलं सगळं. संपलेलं नसतं. अमेरिका सोडून वर्ष उलटलेलं नसेल आणि कार्ड हरवलं किंवा चोरीला गेलं असेल, तर वकिलातीकडे आय-१३१ए अर्ज करून विमानात बसण्यापुरतं कागदपत्र मागता येतं. वर्षाची ही सीमा फार महत्त्वाची. मध्यस्थ, बैठका, "होईल सगळं नीट" यांत ते वर्ष सरतं, आणि मग प्रकरण खरोखरच बिकट होतं.

कार्डाला एक जुळं भावंडही आहे, त्याची ओळख क्वचितच कुणी करून देतं. आणताना नवऱ्यानं आय-८६४ नावाच्या हमीपत्रावर सही केलेली असते. बायकोचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांखाली जाऊ देणार नाही, असं त्यानं सरकारला लिहून दिलेलं असतं. घटस्फोटानं ती हमी सुटत नाही. बायको नागरिक झाली, तिच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या जमा झाल्या, तिनं कायमचा देश सोडला किंवा दोघांपैकी कुणी वारलं, तरच सुटते. ती पाळली नाही तर बायको स्वतः कोर्टात जाऊ शकते.

अर्ज मंजूर झाला की दहा वर्षांचं कार्ड येतं. त्यावर 'रेसिडेंट सिन्स' या शब्दांपुढे नवी तारीख नसते, पहिल्यांदा देशात उतरल्याचीच असते. नागरिकत्वासाठी लागणारी पाच वर्षं मोजायची तीही त्या तारखेपासून. घटस्फोट झाला म्हणून त्यातला एक दिवसही वजा होत नाही.