बोट ढकलणारा दांडा

बोटीला पुढे कोण ढकलतं? पंखा. हे कुणीही सांगेल. पण मग पंखा बोटीला टेकलाय कुठे? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की झोप उडते, निदान माझी तरी उडाली. पंखा पाणी मागे लोटतो आणि त्या बदल्यात मिळालेला सगळा रेटा शाफ्टच्या टोकावर येतो. शाफ्ट तो गिअरबॉक्समधल्या थ्रस्ट बेअरिंगवर देतो, तिथून तो इंजिनाच्या पायांत आणि पायांतून बोटीच्या लाकडात उतरतो. म्हणजे जाळी, बर्फ, डिझेल, खलाशी, मासळी असा सगळा संसार एका अडीच इंची पोलादी दांड्याच्या टोकावर समुद्रातून ढकलला जातो! त्या दांड्याचं काम फक्त पंखा फिरवायचं आहे असं मला वाटायचं. तो फिरतोही आणि ढकलतोही, दोन्ही एकाच वेळी.

आमच्या ओळखीतल्या एका ट्रॉलरचा हा दांडा भर मोसमात तुटला. तांडेलांना कळलं ते कानांनी. इंजिन एकाएकी मोकळं पळायला लागलं आणि बोट जागच्या जागी. शाफ्ट तुटला होता आतल्या टोकाला, त्याला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या कपलिंगपाशी. तुटलेला भाग पंख्यासकट मागे सरकला आणि पंखा सुकाणाला टेकून थांबला, हे नशीब. शाफ्ट जिथून बोटीबाहेर जातो त्या ग्लँडमधून तो पुरता निसटला असता तर अडीच इंचाच्या भोकातून समुद्र सरळ आत आला असता. दुसऱ्या बोटीने ओढून रत्नागिरीला आणली, अमावास्येच्या उधाणाला भाट्याच्या खाडीत वर घेतली, आणि ओहोटीला ती कुशीवर टेकली. आता पौर्णिमेच्या उधाणापर्यंत सगळं काम उरकायचं. मधल्या भांगाच्या दिवसांत पाणी तिथवर चढत नाही. दुरुस्तीचं वेळापत्रक चंद्राच्या हातात, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही!

पण खरा खजिना होता तो तुटलेला तोंडवळा. लेथवाल्या मेस्त्रींनी तुकडा रॉकेलने धुतला आणि उन्हात माझ्यासमोर धरला. पुळणीवर ओहोटी मागे हटताना रेघा सोडून जाते ना, तशा बारीक कमानी पोलादावर एकामागे एक उमटल्या होत्या. त्या सगळ्या एका बिंदूभोवती फिरत होत्या, आणि तो बिंदू म्हणजे कपलिंग आणि शाफ्ट एकत्र फिरवणाऱ्या चावीच्या खाचेचा कोपरा. पलीकडच्या कडेला एक छोटासा खडबडीत, दाणेदार डाग. "ताई, हा डाग म्हणजे शेवटचा दिवस," मेस्त्री म्हणाले, "बाकी सगळं त्याच्या आधीचं."

मी अक्षरशः थरारले. कारण तो डाग लहान होता, आणि त्याचं लहान असणं हीच साक्ष होती. दांड्यावर ताण प्रचंड असता तर तडा थोडा पुढे सरकताच उरलेलं पोलाद फाटलं असतं आणि खडबडीत भाग मोठा दिसला असता. इथे अगदी थोडं पोलाद उरेपर्यंत दांडा काम करत राहिला होता. कुणी जोराचा आघात केला नव्हता. एक छोटा वाक फेरीमागून फेरी येत राहिला होता.

हिशोब करून बघा. इंजिन मिनिटाला 1800 फेरे, गिअरबॉक्स तीनास एक, म्हणजे शाफ्टचे 600. तासाला 36,000. साधारण 280 तासांत एक कोटी! शाफ्ट आणि गिअरबॉक्स एका रेषेत नसतील तर प्रत्येक फेऱ्यात दांड्याच्या अंगाचा प्रत्येक कण एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. जर्मनीत आउगुस्ट व्होलर यांनी 1860 च्या दशकात रेल्वेच्या आसांवर नेमका हाच छळ करून पाहिला होता: लोखंड एका झटक्यात तोडायला जेवढा भार लागतो, त्याहून कितीतरी हलका भार पुन्हा पुन्हा उलटसुलट दिला की ते तुटतं. शिवाय व्होलरच्या आसांना खाऱ्या पाण्याचे शिंतोडे सोसायचे नव्हते. मिठाने खाल्लेल्या पोलादाला तेवढाही तग नसतो.

वेल्डिंग करून भागवा, असा सल्ला देणारे जेटीवर भेटतातच. मेस्त्रींनी मान हलवली आणि माझं मत पूर्ण त्यांच्या बाजूला आहे. वेल्डच्या उष्णतेने दांडा वाकतो, जोडाच्या शेजारचं पोलाद बदलतं आणि पुढचा तडा तिथूनच निघतो. नवा गोल बार आला, लेथवर चढला.

आणि मग निमुळत्या टोकाचं ते काम! शाफ्टचं टोक निमुळतं, पंख्याचं भोकही तसंच, आणि दोघांनी एकमेकांना सगळीकडून धरायला हवं. मेस्त्री टोकाला निळा रंग चोपडतात, पंखा चढवून काढतात आणि रंग कुठे लागला ते बघतात. डाग सलग हवा. मग चावी न घालता पंखा घट्ट बसवून, तो जिथवर येतो तिथे शाफ्टवर खूण करायची. आता चावी घालून पुन्हा चढवायचा. त्याच खुणेवर आला तर ठीक. अलीकडे अडकला तर पंखा टोकावर नाही, चावीच्या पाठीवर बसलाय! बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ती एक खूण नसेल तर कुणाला कधी कळणार? नव्या खाचेचे कोपरेही त्यांनी धारदार ठेवले नाहीत, आत गोलाई दिली, कारण तडा कुठून निघतो हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं.

ग्लँडमध्ये नवी डोरी भरली. प्रत्येक वेढा तिरका कापलेला, प्रत्येकाचा सांधा वेगळ्या बाजूला. मागची रबरी बेअरिंग समुद्राच्या पाण्यावरच चालते, तिला तेल लागत नाही. तिच्या आतल्या खाचांतून पाणी खेळतं.

पौर्णिमेला बोट पाण्यात गेली, आणि मला वाटलं आता बोल्ट आवळायचे की झालं. छे! खरं काम तर आता. जमिनीवर टेकलेली लाकडी बोट आणि तरंगणारी बोट यांचा आकार एक नसतो. पाणी तिला खालून वेगळ्याच ठिकाणी उचलतं. म्हणून जमिनीवर जुळवलेली रेघ पाण्यात मोडते! आधी बोटीला एक रात्र निवांत तरंगू दिलं, टाक्या भरल्या, आणि मग कपलिंगची दोन तोंडं जवळ आणून मेस्त्रींनी फीलर गेजच्या पात्या काढल्या. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. पाच इंची कपलिंगला चारही बाजूंच्या फटींत पाच थाऊपेक्षा जास्त फरक नको. पाच थाऊ म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग! खाली पाती सहज गेली, वर शिरेना. इंजिनाच्या मागच्या पायांखाली पातळ पत्रा गेला, पुन्हा माप. मग एक कपलिंग अर्धा वेढा फिरवून परत माप: फट कपलिंगबरोबर फिरली तर दोष कपलिंगच्या तोंडात, जागच्या जागी राहिली तर इंजिनाच्या बैठकीत. एवढ्या साध्या युक्तीने गुन्हेगार सापडतो! मी तिथे उकिडवी बसून टॉर्च धरली होती आणि पात्यांवरचे आकडे मोठ्याने वाचत होते, कुणी सांगितलं नसताना.

इंजिन सुरू झालं, गिअर पडला. ग्लँडमधून पाणी थेंब थेंब येऊ लागलं. यायलाच हवं, कारण त्या थेंबांनीच डोरी थंड राहते. पूर्ण कोरडी ग्लँड शाफ्टला चरे पाडते. मेस्त्रींनी ग्लँडवर हात ठेवला, जरा गरम वाटली, नट किंचित सैल केले. थोडं पाणी वाढलं, हाताला थंडावा आला. काही फेऱ्या समुद्रात झाल्या की कपलिंगचे बोल्ट सोडून पुन्हा माप घ्यायचं आहे, कारण नवी बैठक थोडी दबतेच. तांडेलांना मी आधीच सांगून ठेवलंय, टॉर्च मीच धरणार.